नाकाप्पाचे मूग

निपाणी. सोम. ता. ८ फेब्रुवारी १९३७

ताप उतरला. अकरा दिवसांनी वखारीत गेलतो. मालक अण्णा पायरीवरच उभे. म्हणाले, "आलास रं नाकाप्पा. तू न्हाईस तर वखारीत करमंना झालतं." बरं वाटलं. नाव माझं बाबगोंडा, पण बावीस वर्षं ह्या वखारीचं नाक मीच, म्हणून नाकाप्पा. शेतकऱ्याचं पोतं फोडायचं, पाला तळहातावर चुरायचा, चिमूट नाकाला लावायची आणि सांगायचं. ही तंबाखू विडीची, ही खायची, ही तपकिरीची, ही ओली, परत न्या. माझ्या नाकापुढं अण्णा बी बोलत न्हाईत.

आज चिमूट लावली. झोंबली. शिंक आली, झकास आली. वास आला न्हाय.

दुसरी चिमूट. न्हाय. पोत्यात तोंड घातलं. न्हाय. मागल्या दारी जाऊन रॉकेलचा डबा हुंगला, मग बैलाच्या मागं जाऊन उभा राहिलो. कशाचाच न्हाय. बैलानं मान वळवून बघितलं. कुणाला बोललो न्हाय.

बुध. ता. १०

घरात सौ.ला बी सांगितलं न्हाय. तिला सांगितलं की तानाक्काला कळणार. तानाक्का म्हंजे वखारीत पाला निवडणाऱ्या बायकांची म्होरकी, आणि राहती आमच्या भिंतीला भिंत लावून. तिला कळलं की चिकोडीपतोर कळलं.

काल दिस बुडायच्या आत जेवाय बसलो. म्हणालो, "आमटी लई झकास झालीया." सौ.चा हात थांबला. "टोमणा मारतासा व्हय?" न्हाय गं, खरंच, म्हणालो. उठली, पातेलं आणून पुढं आपटलं. बूड काळं कोळसा.

"विहिरीवर हुते मी. तिथवर करपल्याचा वास आला. गल्ली दारात आली बघाय. आणि तुमास्नी झकास लागली."

आता काय सांगायचं. म्हणालो, मला करपलेली आवडती. "एकोणीस वर्षं झाली लग्नाला, आज सांगतासा?" तेव्हापासनं अबोला. आज परत करपवून वाढली. मुद्दाम. खाल्ली.

शनि. ता. १३

सोंग चाललंय. डोळ्यानं रंग बघतोय, बोटानं ओल बघतोय, पाला कानाशी नेऊन चुरतोय. कुरकुर वाजला की सुका. शेतकऱ्याला गप्पात घालून विचारतोय, कुठलं रान, पाणी कवा दिलं. सौंदलग्याचा एक म्हातारा म्हणाला, "नाकाप्पा, नाकाचं काम कानाला कवापासनं दिलंस?" बाकीची हसली. मी बी हसलो. माझं मला ठाऊक कसा हसलो.

जा.बा. हसले न्हाईत. जा.बा. म्हंजे अण्णांचे जावईबापू, संकेश्वरचे. दिवाळसणाला आलते, अजून हितंच. मॅट्रिकला दोनदा बसले आणि दोन्ही बारीला बसूनच राहिले. त्यांना माझी गादी पायजे. डोक्याला तेल चोपडून दिवसभर माझ्या खांद्यावरनं वाकून बघत असत्यात. अण्णांना म्हणाले, म्हाताऱ्या नाकाला आता इश्रांती द्या. मी सेहेचाळीस वर्षांचा हाय.

त्यात शहापूरच्या शिवाप्पांचं कार्ड आलं. वर्षाची सगळी तपकीर तेच उचलत्यात. १० मार्चला येतो, तीन जातींचा माल तयार ठेवा, साधी, गुलाब, केवडा. खाली लिवलंय, "मूगप्पाने माझ्यासमोर पारख करावी." कानडीत मूगु म्हंजे नाक, म्हणून ते मला मूगप्पा म्हणत्यात. पण कानडीत मूग म्हंजे मुका बी. आणि आमच्यात मूग गिळायचे असत्यात. तिन्ही मलाच लागू.

अण्णा म्हणाले, हा माल उचलला तर बरं, न्हाय तर निवडणाऱ्या बायका घरी बसवाय लागतील. चाळीस बायका.

मंगळ. ता. १६

डॉ. कुलकर्ण्यांकडं गेलतो. बेळगावास्नं नवीनच आलाय, पोरसवदा, पण हात हलका. दार लावून घ्या म्हणालो, मगच सांगितलं.

कापूर हुंगाय दिला. न्हाय. कांदा फोडला. वास न्हाय, डोळं मात्र भरलं. मग माझं मनगट धरून म्हणाला, तुमचीच तपकीर ओढा. ओढली. श्वास जागच्या जागी थांबला. डॉ. घड्याळ बघत होता. म्हणाला, "नाडी थबकली बघा. दोन ठोके सावकाश. आता शिंकाल." शिंकलो. मग नाडी धावाय लागली.

तेवढ्यावर भागलं न्हाय. घमेल्यात गार पाणी आणून माझं तोंड नाकापतोर बुडवाय लावलं, मनगट हातातच. वर काढल्यावर म्हणाला, "पाण्यात असताना काळीज किती निवांत चाललं होतं." मी गुदमरत होतो आणि काळीज निवांत. काळजाला काय लाज?

त्यानं समजावून सांगितलं ते लिहून ठेवतो. "नाकात दोन तऱ्हेचे मज्जातंतू असतात." (यात मज्जा कसली.) "एक वास ओळखतो. दुसरा पहारेकरी. त्याला गुलाब, केवडा काही कळत नाही. झोंबणारं, तिखट, फार गार काही शिरलं की तो कोण आहे ते न विचारता दार लावतो. म्हणजे श्वास रोखतो, काळजाला हळू चाल म्हणतो, आणि नंतर शिंक काढून चोराला बाहेर घालवतो. तुमचा पहिला तापानं झोपला आहे. दुसरा जागा आहे." पुस्तकात सशाचं लिहिलंय म्हणाला. सशाच्या नाकात तंबाखूचा धूर सोडला तर ससा श्वास रोखतो, त्याचं काळीज हळू होतं. मी विचारलं, सशाला तंबाखू कुणी दिली? आणि पुढं त्याचं काय झालं? डॉ. म्हणाला, बरा झाला असेल. असंल म्हणजे काय, पुस्तकात लिवायला नको?

पहिला कवा उठंल विचारलं. "सहा आठवड्यांत उठेल, सहा महिन्यांत उठेल, किंवा उठणार नाही." फी घेतली न्हाय, तपकीर मागितली.

रवि. ता. २१

डोक्यात एक शिरलंय. पहारेकरी जागा हाय ना, मग त्यालाच कामाला लावायचा. चार दिवस घरात दार लोटून बसतोय. पुढं सात पुड्या, डाव्या हाताची चिमूट नाकाला, उजव्याची बोटं मनगटावर, डोळं मिटून. नवी तिखट तपकीर, श्वास थांबतो, दोन ठोकं बसत्यात, म्हंजे सावकाश पडत्यात. मधली, एक. जुनी विरलेली, नुसती गुदगुली. ह्याला मी 'थबक' नाव दिलंय. थ. २, थ. १, थ. अर्धी. सात पुड्या उलटसुलट करून बघितल्या, साती बरोबर. वासानं बी एवढं बारीक कळत नव्हतं.

आज सौ.नं दार ढकललं. मी डोळं मिटून, मनगट धरून, तोंड उघडं. तिला वाटलं माझी नाडी सुटली, मीच बघतोय किती राहिली. तशीच खाली बसली आणि रडाय लागली. असा अबोला सुटला. मग सांगितलं सगळं.

"एवढंच?" म्हणाली. डोळं पुसलं. मग उठून हिंगाची डबी आणली, मग तूप, मग परसातनं शेणाचा गोळा. माझ्या नाकापुढं धरायची आणि म्हणायची, "हे काय सांगा?" मी तुपाला शेण म्हणालो. पदर तोंडात कोंबून हसली. थांबंना. मग डबी खाली ठेवली.

"पंधरा दिस झालं बेळगावचा साबण लावतेय मी. एक शबुद बोलला न्हाईसा. मला वाटलं मन उडालं माझ्यावरनं."

वाईट वाटलं. तिचा हात नाकाशी नेला. काय न्हाय. पण लावलाय म्हणती, म्हंजे लावला असंल.

शनि. ता. २७

आज जा.बां.नी डाव टाकला. शेतकऱ्यांची गर्दी होती, अण्णा गादीवर. जा.बा. ताट घेऊन आले. "नाकाप्पा, नव्या भट्टीची तपकीर. जरा सांगा कशी."

चिमूट ओढली. बोटं कोटाच्या बाहीत मनगटावर. श्वास थांबला, पण नाडी बसली न्हाय, आणि झोंब नाकातनं उठून घशात गेली, घशातनं कानात. तंबाखू अशी चालत न्हाय. तंबाखू येती आणि जाती. ही वस्तीला आली.

म्हणालो, "अण्णा, ह्यात ब्याडगी न्हाय, जवारी मिरची हाय. बी सकट वाटलीया."

जा.बा. म्हणाले छे, आणि दाखवाय म्हणून स्वतः ओढली. पुढं तासभर वखारीत काम झालं न्हाय. त्यांच्या शिंकंनं ताट उडालं. अण्णा शिंकले, शेतकरी शिंकले, निवडणाऱ्या चाळीस बायका पडद्यामागं शिंकल्या, बाहेर बैल शिंकला.

आमच्या वखारीत शिंकंचा कायदा हाय, अण्णांच्या आज्ज्यापासनं. उंबऱ्याच्या आतली शिंक मालाची, ती धरायची न्हाय. उंबऱ्याभायरची माणसाची, ती धरायची. एक आली तर सौदा त्या दिवशी बंद, लागोपाठ दोन आल्या तर शुभ. असा कायदा केला न्हाय तर तपकिरीच्या वखारीत सौदा व्हायचाच कवा. बैल भायर शिंकला, म्हणून अण्णांनी आज खरेदी बंद ठेवली. जनावराची धरायची का न्हाय ह्यावर दिवस गेला.

बुध. ता. ३ मार्च

आनंद चार दिवस टिकला. तिखटपणा कळतोय. पण गुलाब आणि केवडा? दोन्हीला माल एकच, अत्तर तेवढं येगळं. थ. १ आणि थ. १. पहारेकऱ्याला फुलांची वळख न्हाय.

सौ.ला सांगितलं. म्हणाली, "मला वळकतंय की." तिचं नाक म्हंजे इचारू नका. पाऊस दोन कोसावर असताना कपडे काढती वाळत घातलेले. मी बावीस वर्षं नाकाप्पा म्हणून मिरवलो आणि घरात हे.

ठरलं असं. त्या दिवशी ती माझी भाकरीची बुत्ती घेऊन येणार, पडद्यामागं बायकांत बसणार. मी चिमूट वर उधळायची म्हंजे वास पडद्यापतोर जाईल. गुलाब असला तर बांगडी एकदा वाजवायची, केवडा असला तर दोनदा. साधी असली तर गप.

काल सहा बारी करून बघितलं. साही बरोबर.

मंगळ. ता. ९

डॉ.कडं जाऊन विचारलं, उद्यापतोर पहिला उठंल का. हसला. घमेलं दाखवलं, काळीज फार उडालं तर तोंड बुडवा म्हणाला. शिवाप्पांपुढं घमेल्यात तोंड घालू व्हय.

बुध. ता. १०

नीट लिहितो.

शिवाप्पा दहाला आले. लई मोठं माणूस, पण बसताना आधी जमिनीला नमस्कार करून बसत्यात. गादीवर अण्णा, शेजारी शिवाप्पा, मागं उभं जा.बा., पुढं मी. तीन ताटं. चिठ्ठ्या लावलेल्या न्हाईत. बांगडीचा घोळ झाला तर असाव्यात म्हणून त्या मीच काल लावल्या होत्या. जा.बां.कडं बघितलं तर ते आढ्याकडं बघत होते.

पहिलं ताट. ओढली. थ. १. "तिखटपणा बरोबर," म्हणालो आणि चिमूट वर उधळली. बांगडीची वाट बघितली.

पडद्यामागं चाळीस बायका, ऐंशी हात, पाला निवडत बसलेल्या. सगळ्यांच्या हातात बांगड्या. खळखळ, खळखळ. घरात प्रयोग केला तेव्हा घरात आमी दोघंच होतो, हे दोघांच्या बी ध्येनात आलं न्हाय. मला सात ऐकू आल्या. सातचं काय ठरलं नव्हतं.

दुसरं ताट ओढलं. तिसरं ओढलं. वेळ काढला. शिवाप्पा वाकले. "एनाय्तु, मूगप्पा?" काय झालं विचारत होते. जा.बां.च्या तोंडावर हसू. नाडी धरली तर ती बाजारातल्या घोड्यावानी. चाळीस बायका घरी बसणार, मी बसणार, आणि माझ्या जागंवर हे तेलकट डोकं.

बावीस वर्षांत एक पोतं खोटं सांगितलं न्हाय. आज सांगायचं तर अंदाजानं सांगाय लागणार होतं. जमलं न्हाय. म्हणालो, "अण्णा, मला वास येत न्हाय. ताप आल्यापासनं न्हाय. झोंबतंय किती तेवढं कळतंय."

पाला निवडायचा थांबला. एक बांगडी वाजंना. आता वाजंना.

आणि पडद्यामागनं सौ.चा आवाज. "पयली केवडा. मधली साधी. कडंची गुलाब. आणि कडंच्या ताटाला कुणीतरी खोबऱ्याचं तेल लागलेला हात लावलाय. तेल खवट हाय."

सगळ्यांनी जा.बां.च्या डोक्याकडं बघितलं. त्यांनी बी हात डोक्यावर नेला, म्हंजे कबूलच झालं.

अण्णा लालबुंद. शिवाप्पांनी हात वर केला. "भायर या आक्का." सौ. आली, पदर डोक्यावर, बुत्ती हातात. त्यांनी इचारलं, दहा पावलांवरनं कळलं तुमाला? ती म्हणाली, "व्हय. तुमी येताना संकेश्वरला भजी खाल्लीसा. तेल चार दिसाचं हुतं. पोटाला जपा." शिवाप्पा हसाय लागले, पोट हलंपतोर. घरी सांगू नका म्हणाले.

मग उठले. म्हणाले, वखारीत न्हाय, भायर हवेत उभं राहून इचार करतो. उंबऱ्यात एक पाय आत, एक पाय भायर, आणि शिंकले.

एक.

अण्णांचा चेहरा उतरला. आतली का भायरची? नाक तर भायर होतं. शिवाप्पा बी कायदा पाळणारे. पाय तसाच अधांतरी.

मी त्यांच्या छातीकडं बघत होतो. श्वास वर गेला होता आणि खाली आला नव्हता. डोळं अर्धं मिटलेलं. पहारेकऱ्यानं दार लावलं होतं, अजून उघडलं नव्हतं. माझ्याएवढं हे कुणाला ठाऊक हाय? म्हणालो, "कुणी हलू नका. दुसरी येतीया. थ. २ हाय."

"काय हाय?" अण्णा म्हणाले. तेवढ्यात आली. भिंतीवरची पाल पडली.

माल उचलला. तिन्ही.

सोम. ता. २२

जा.बा. संकेश्वरला गेले. तेलाची बाटली हितंच राहिली, सौ.नं चिमट्यानं धरून टाकली.

अण्णांनी गादीवर दुसरी बैठक मांडली. सौ. आता रोज वखारीत. झोंब मी सांगतो, वास ती सांगती. पयले चार दिवस बाजार बघाय यायचा, तंबाखूच्या गादीवर बाई म्हणून. सौंदलग्याचा म्हातारा येऊन म्हणाला, "नाकाप्पा ठाऊक हुता, ही नाकाक्का कवा झाली?" तिनं त्याचं पोतं ओलं म्हणून परत लावलं. खरंच ओलं होतं.

वखारीला जाताना ती पुढं चालती, मी मागनं बुत्ती घेऊन. काल म्हणाली, "एवढी वर्सं हे नाक करपलेलं दूध हुंगण्यात गेलं." रागानं न्हाय म्हणाली. पण मला लागलं.

अण्णा मात्र येता-जाता इचारत्यात, वास आला का रं? एकदा तुझं नाक आलं की आक्काला घरी मोकळं करू, तिला बी घरची कामं असत्यात.

रवि. ता. १८ एप्रिल

सुट्टी. बाजारातनं येत होतो. गल्लीच्या तोंडाशी पाय थबकला.

करपल्याचा वास.

आधी कळलंच न्हाय काय हाय ते. मग उभ्या उभ्या डोळं भरलं. ओढून घेतला पोटभर. मग गटारीचा आला, मग शेणाचा, मग तानाक्काच्या चुलीवरल्या लसणाचा. दहा आठवड्यांनी पहिला उठला. धावत घरी निघालो सांगाय.

दारात थांबलो. आत सौ. वखारीतल्या पुड्या मांडून बसली होती, उद्याची तयारी. चुलीवर आमटी तिच्या ध्येनातच नव्हती. एकेक पुडी नाकाशी न्यायची, डोळं मिटायचं, आणि तोंडातल्या तोंडात हसायची.

पानावर बसलो. "आमटी कशी झालीया?" म्हणाली.

ताटाखाली बोटं मनगटावर गेली. श्वास थांबला. तपकीर न्हाय, काय न्हाय, तरी दोन ठोकं बसले. मूग गिळले.

"लई झकास," म्हणालो.

तिनं बघितलं. म्हणाली, "साबण बदललाय मी, कालपासनं."

चंदनाचा हाय. बसतानाच कळलं होतं. म्हणालो, "असंल बाई. मला काय कळतंय." आणि आणखी आमटी मागून घेतली. वाढता वाढता ती माझ्या मनगटाकडं बघत होती.